मृगाआधी गढी वाचवा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले आणि एकूणच मराठवाड्यातले गावकरी, सरपंच, गढ्यांचे वारस, आणि पोटासाठी शहरात आले तरी ज्यांचे घर अजून गावातच आहे अशा सर्वांना हे आवाहन आहे.

चैत्र सरत आला की गढीच्या टेकाडाला ट्रॅक्टर लागतात. रानं मोकळी असतात, ट्रॉल्या रिकाम्या असतात, माती कोरडी असते. कुणाला शेतात टाकायला पांढरी माती हवी, कुणाला जोत्यात भर घालायची, कुणाला माळवदावर नवा थर द्यायचा, कुणाची वीटभट्टी चालू. हे आजचे नाही. पूर्वीही लोक माती नेत. पण टिकाव, फावडे आणि बैलगाडी यांच्या बळावर सगळ्या उन्हाळ्यात टेकाडाचा एखादा कोपरा कमी व्हायचा. आता जेसीबी एका रात्रीत बुरूज खाली घेतो. कड उभी कापलेली राहते, तिच्यावर मृगाचा पाऊस पडतो आणि जेसीबीने जे ठेवले ते पाणी नेते. म्हणून घाई आहे. १ मेची ग्रामसभा आणि जूनचा पहिला आठवडा यांच्यामध्ये जे काही महिनाभर हातात आहे, तेवढ्यातच हे काम व्हायला हवे.

गढी कशाला म्हणतात हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. शहरात वाढलेल्या नातवंडांसाठी एवढेच, की गावाच्या सगळ्यांत उंच जागेवर, खाली घडीव दगड आणि वर विटा किंवा नुसती पांढरी माती, अशा भिंती उभ्या असत. त्या पायाशी इतक्या रुंद, की त्यांच्या पोटात जिना आणि धान्याचे बळद बसे. कोपऱ्यांना बुरूज, बुरुजांना जंग्या, दिंडीचा दरवाजा, आत दोन्ही हातांना देवड्या, मग चौक, सोपे, आड, पेवे. पाटील, देशमुख, देशपांडे, जहागीरदार यांची ही घरे. पेंढारी आले, नाहीतर पुढे निजामाच्या मुलखात रोहिल्यांची टोळी आली, की बायका-पोरे आणि दावणीची जनावरे आत घेऊन दरवाजा लावायचा, यासाठी ती होती. सह्याद्रीत कडा हीच भिंत. आपल्या पठारावर कडा नाही, म्हणून मातीची भिंत रचावी लागली.

पण आज बोलायचे आहे ते भिंतींपेक्षा भिंतींखाली जे आहे त्याबद्दल.

आपल्याकडे गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन नावांनी ओळखली जाते. काळी पिकवायची, पांढरी राहायची. पांढरी ही निसर्गाने दिलेली माती नव्हे. शेकडो वर्षे त्याच जागी घरे बांधली गेली, पडली, जळाली, पुन्हा त्यांच्याच मातीवर बांधली गेली. चुलीची राख, सारवणाचे शेण, विरलेल्या भिंती, फुटकी खापरे, जळके धान्य, हाडे, हे सगळे तिथेच राहिले आणि गावाखालची जमीन हळूहळू वर आली. जुनी लुगडी एकावर एक घालून गोधडी शिवावी तसे हे थर आहेत. सगळ्यांत वरचा आपल्या पणजोबांचा, सगळ्यांत खालचा कुणाचा ते खणल्याशिवाय कळत नाही. पाटलाने किंवा देशमुखाने गढीसाठी जागा निवडली ती हीच, कारण गावात उंचवटा दुसरा नव्हता. तेव्हा गढी पाटलांची असेल, तिच्याखालचे टेकाड मात्र सगळ्या गावाने घडवलेले आहे, आणि पाटलाच्या कितीतरी आधीपासूनचे आहे.

इंग्लंडमध्ये याच्या उलट झाले. १०६६ नंतर तिथे उतरलेल्या नॉर्मन सरदारांनी मुद्दाम माती ओढून उंचवटे रचले आणि वर लाकडी बुरूज बांधले. लाकूड केव्हाच कुजून गेले. बहुतेक ठिकाणी आता गवत उगवलेला गोल ढीग तेवढा दिसतो, वर एक दगडही नाही. तरीही तसले शेकडो ढीग तिथे कायद्याने राखलेले आहेत; परवानगीशिवाय त्यात कुदळ घालता येत नाही. विंडसरच्या राजवाड्याचा गोल बुरूज आजही तसल्याच मातीवर उभा आहे. त्या ढिगांत वरची माती सरदाराने ओढलेली. आपल्या टेकाडांत अख्ख्या वस्तीचा इतिहास थरांनी रचलेला, आणि आपण तो ब्रासच्या भावाने विकतो.

टेकाडात काय असते याचा पुरावा लांब शोधायला नको. भोकरदन आता जालना जिल्ह्यात असले तरी १ मे १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. तिथल्या टेकाडात १९७३ मध्ये मराठवाडा आणि नागपूर या दोन विद्यापीठांनी शांताराम भालचंद्र देव आणि रमेश शंकर गुप्ते यांच्या देखरेखीखाली खोदकाम केले. सातवाहन काळातले भरभराटीचे नगर बाहेर आले. त्याचे जुने नाव भोगवर्धन, आणि तिथल्या दात्यांची नावे थेट सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. खोदकामात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. तशीच मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात सापडली होती. भोकरदनच्या बाजारातला माणूस आणि रोमन घरातली बाई यांच्यामधला धागा त्या पांढरीत पडून होता. ती माती एखाद्या उन्हाळ्यात ट्रॉलीत भरून गेली असती, तर तो तुकडा आज कुणाच्या तरी तुरीच्या रानात नांगराखाली असता.

नाशिकला गोदावरीच्या काठी जुनी मातीची गढी आहे, लोक तिला काझीची गढी म्हणतात. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि देव यांनी तिथे खणले. वर मराठा आणि मुसलमानी काळ, त्याखाली सातवाहन, आणि तळाशी तांब्या-दगडाची हत्यारे वापरणाऱ्या माणसांची वस्ती, असे साडेतीन हजार वर्षांचे थर एकाच उंचवट्यात मिळाले. ती गढी केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे. तरीही दर पावसाळ्यात तिची कड ढासळल्याची बातमी येते आणि वर राहणाऱ्या कुटुंबांना घरे सोडायच्या नोटिसा जातात. यादीत असूनही असे होते, तर जिचे नाव कुठल्याच यादीत नाही त्या गढीचे काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. आपल्या जिल्ह्यातल्या गढ्यांपैकी फारच थोड्या यादीत आहेत.

शहरापासून तासाभरावर वेरूळ आहे. लेणी पाहायला जगभरातून लोक येतात, श्रावणात घृष्णेश्वराच्या दर्शनाला रांगा लागतात, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या भोसल्यांच्या गढीकडे त्यातले किती वळतात? वेरूळची पाटीलकी बाबाजी भोसल्यांकडे होती. मालोजी आणि विठोजी हे त्यांचे मुलगे. मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे, आणि शहाजीराजांचे पुत्र कोण ते सांगायला नको. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने तिथे खोदकाम करून गढीचे पाये मोकळे केले आहेत. जवळच शहाजीराजांचे स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले, वाटायलाच हवे होते. रायगड, राजगड, शिवनेरीपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतच्या त्या बारांत मराठवाड्यातला एकही नाही. याबद्दल तक्रार नाही, डोंगरी किल्ल्यांचा मान मोठाच आहे. पण ज्या घराण्याने ते किल्ले बांधले, जिंकले, लढवले, ते घराणे पठारावरच्या एका मातीच्या गढीतून बाहेर पडले, आणि जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजाही याच पठारावरचे, हे लक्षात ठेवणारे आपल्याशिवाय दुसरे कोण?

आता जे आक्षेप येतात त्यांच्याकडे वळू, कारण ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप तोंडावर कुणी घेत नाही, पारावर घेतात. गढी म्हणजे जुलूम. तिथे वेठ होती, तिथल्या चौकात लोकांना उन्हात उभे केले जाई, आणि गावातल्या निम्म्या माणसांच्या आजोबांना देवडीच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. ती पडली तर बरेच झाले, असे त्यांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. गढीचे गोडवे गाणारे लिखाण आम्हांलाही नको आहे. पण एक गोष्ट विचारात घ्या. पाटलाचे नाव मोडी कागदात आहे, निजामाच्या दफ्तरात आहे, गढी पडली तरी ते राहील. ज्या वडार-बेलदारांनी तिचा दगड फोडला, ज्या कुंभाराने वीट भाजली, ज्या बायांनी पाट्या डोक्यावर वाहिल्या, त्यांचे नाव कुठल्याच कागदात नाही. त्यांची चूल, त्यांचे मडके, त्यांच्या हातातली काचेची किंवा शंखाची बांगडी याच मातीत आहे. टेकाड गेले तर पुसला जाईल तो त्यांचा पुरावा.

दुसरा आक्षेप भीतीचा, आणि तो सगळ्यांत खरा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले आणि किल्लारी परिसरात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे हजारोंच्या अंगावर आली. त्यानंतर मातीच्या भिंतीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. म्हणून स्पष्ट सांगतो: झुकलेल्या बुरुजाखाली कुणीही राहू नये, पोरांनी खेळू नये, जनावरे बांधू नयेत. तारेचे किंवा काटेरी झाडोऱ्याचे कुंपण घाला, पाटी लावा. कडेवर घरे असतील तर त्या कुटुंबांना आधी घरकुलासाठी दुसरी जागा मिळाली पाहिजे, आणि ती मागणी गढीच्या मागणीच्याही आधी ठरावात लिहा. मात्र धोकादायक आहे म्हणून सगळेच सपाट करा, हा उपाय नव्हे. बहुतेक वेळा बुरूज पडतो तो वयाने नव्हे, तर पायथ्याची माती कुणीतरी उचललेली असते म्हणून.

तिसरे गुप्तधन. अमावास्येला टेकाडावर लिंबू, हळद-कुंकू आणि ताजा खड्डा दिसला नाही असे गाव कमी. मालोजीराजांना वेरूळच्या शेतात धन सापडल्याची गोष्ट बखरीत आहे, आणि खड्डे खणणारे तिचाच दाखला देतात. त्याच परंपरेत पुढे असेही सांगितले आहे, की मालोजीराजांनी घृष्णेश्वराच्या देवळाची डागडुजी केली आणि शिखर शिंगणापूरला लोकांच्या पाण्यासाठी तळे बांधले. तेवढा भाग खड्डेवाले सोडून देतात. कायदा सांगायचा तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. आणि धनाच्या नावाने अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. टेकाडात खरोखर सापडते ते खापर, मणी, क्वचित तांब्याचे नाणे. बाजारात त्याला किंमत नाही. पण ते कोणत्या थरात, कशाशेजारी सापडले हे कळले तर गावाचे वय कळते. म्हणून काही दिसले तर उपटू नका. आहे तसे ठेवा, फोटो काढा, तलाठ्याला आणि तहसीलदाराला कळवा.

गढीच्या वारसांशी वेगळे बोलायचे आहे. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या संपल्या, उत्पन्न थांबले, घरे संभाजीनगर, पुणे, मुंबईकडे सरकली. आता सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर वीस नावे, त्यातली निम्मी एकमेकांना ओळखत नाहीत, आणि डागडुजीचा खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही. अशा वेळी कुणीतरी जुन्या सागवानी दरवाजाला आणि कोरीव खांबांना गिऱ्हाईक आणतो. ते लाकूड एखाद्या हॉटेलच्या दालनात जाऊन बसते आणि मागे उघड्या पडलेल्या भिंती दोन पावसांत बसतात. दादा, ताई, दरवाजा विकू नका. विकायचाच असेल तर आधी गावाला विचारा. माळ्यावर रुमालात बांधलेले मोडी-फारसी कागद असतील तर रद्दीत देऊ नका; राज्याच्या पुराभिलेख विभागाला किंवा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवा. आणि संरक्षित स्मारक झाले म्हणजे सरकार जागा घेऊन टाकते, ही भीती मनातून काढा. महाराष्ट्राच्या १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात सरकार आधी आपला इरादा जाहीर करते, हरकती मागवते, आणि मालकी मालकाकडे राहू शकते.

मालकीचा प्रश्न आत्ताच पेटला आहे, कारण गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका देण्याचे काम केंद्राच्या स्वामित्व योजनेखाली २०२० पासून चालू आहे. कालपर्यंत ज्या टेकाडाला कागदावर हद्द नव्हती, त्याला आता हद्द आणि नाव मिळते. नाव कुणाचे लागले आणि शेऱ्यात काय लिहिले हे आजच पाहिले नाही, तर पुढची पिढी कोर्टात पाहील. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात नकाशा मागा. व्हायची असेल तर मोजणीच्या दिवशी गढीवर हजर राहा आणि 'जुनी गढी व पांढरीचे टेकाड' असा उल्लेख करून घ्या.

आणि दुरुस्ती? ती गावालाच येते, फक्त आपण ती विसरत चाललो आहोत. मातीच्या भिंतीचा खरा शत्रू वरून शिरणारे पाणी. माळवदावर जसा थर देतो तसा भिंतीच्या माथ्यावर पांढरी माती, भुसकट आणि शेण कालवून थर द्यायचा, जमल्यास चुना घालायचा, आणि उतार असा ठेवायचा की पाणी भिंतीवरून न ओघळता बाहेर पडेल. ही माती टेकाडातून काढायची नाही. पडलेल्या भिंतीचा जो ढिगारा पायथ्याशी साचला आहे तीच वापरायची, आणि तीही जाणकाराला दाखवून. पिंपळाची रोपे वीतभर असतानाच काढायची. झाड मोठे झाले असेल तर ओढून काढू नका, मुळांसोबत भिंत येते, बुंध्याशी कापा. उतारावरची हरळी मात्र राहू द्या, ती माती धरून ठेवते. सिमेंटचा गिलावा लावू नका. तो आतला ओलावा कोंडतो, आणि एक दिवस गिलाव्यासकट अर्धी भिंत खाली येते. खरे सांगायचे तर जेसीबीनंतर आम्हांला सर्वांत जास्त भीती सुशोभीकरणाची वाटते. निधी आला की पेव्हर ब्लॉक, स्टीलचे कठडे, रंगवलेले बुरूज आणि मधोमध कारंजे! गढीला यातले काहीच नको आहे. तिला पाण्याला वाट हवी आणि पायथ्याला हात लावू नये एवढे हवे.

माती उचलणाऱ्यांना अडवताना भांडण करू नका, रात्री एकटे तर मुळीच जाऊ नका. ट्रॅक्टरचालक बहुधा गावातलाच पोरगा असतो आणि रोजावर आलेला असतो. ट्रॉलीचा नंबर आणि फोटो तहसीलदारांकडे द्या. विनापरवाना गौण खनिज काढले तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन अडकते. ही गोष्ट एकदा दवंडीसारखी गावच्या व्हॉट्सॲप गटावर गेली की निम्मे काम होते. शेतात टाकायला माती हवी हेही खरे कारण आहे. त्यासाठी गावतळ्यातला किंवा पाझर तलावातला गाळ काढायची परवानगी मागा. उन्हाळ्यात तो सुका मिळतो, रानाला टेकाडाच्या मातीपेक्षा कमी मानवत नाही, आणि तळ्यात पाणीही वाढते.

शाळांना सुट्ट्या लागल्या आहेत. दहावी-बारावीच्या मुलांना मोबाइल आणि मोजपट्टी देऊन गढीवर पाठवा, पण सकाळी, आणि कुणीतरी मोठे सोबत असताना. चारही बाजूंनी फोटो, बुरुजांची उंची, दरवाजाची रुंदी, शिलालेख किंवा वीरगळ असेल तर त्याचा वेगळा फोटो. गावातली जी म्हातारी माणसे आत वावरली आहेत त्यांना आड कुठे होता, पेवे कुठे होती, रझाकारांच्या दिवसांत काय घडले, हे विचारून बोलणे रेकॉर्ड करून ठेवा. ती माणसे पुढच्या वैशाखात असतीलच असे नाही.

१ मेच्या ग्रामसभेत ठेवायचा ठराव मोठा नको. असा चालेल: "आमच्या गावातील जुनी गढी व तिच्याखालील पांढरीचे टेकाड यातून माती, दगड, वीट वा लाकूड कोणीही, ग्रामपंचायतीनेही, कोणत्याही कामासाठी काढू नये. कडेवर राहणाऱ्या कुटुंबांना प्रथम सुरक्षित जागा द्यावी. गढीची पाहणी करून ती राज्य संरक्षित करण्याबाबत पुरातत्त्व विभागाने निर्णय घ्यावा. तोपर्यंत देखरेखीसाठी गावातील पाच जणांची समिती नेमण्यात येत आहे, त्यात दोन महिला व गढीच्या वारसांपैकी एक असावा." सूचक-अनुमोदकांत वेगवेगळ्या आळ्यांची नावे येतील असे पाहा, एकाच भावकीची आली तर ठराव त्या भावकीचा होतो. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक छत्रपती संभाजीनगर इथल्या राज्य पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालक कार्यालयाला द्या, सोबत मुलांनी काढलेले फोटो जोडा. टपालाने पाठवू नका, हाताने नेऊन द्या आणि प्रत्येक प्रतीवर तारखेसह शिक्क्याची पोच घ्या.